निळं दार आणि कोरा रकाना

तुम्ही कधी दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून, त्याच्या विहिरीचं पाणी पिऊन, त्याच्याच हातचं जेवून "इथे तर कुणीच राहत नाही" असं म्हटलं आहे का?

घाईने नाही म्हणू नका. मीही नाही म्हटलं असतं. मी डिचोलीची. वडिलांचा लहानसा छापखाना होता आणि आमच्या घरात पत्रकांच्या थप्प्या तांदळाच्या पोत्यांशेजारी रचलेल्या असायच्या. भाषेची पत्रकं, खाणीच्या धुळीची, बसभाड्याची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. घरामागच्या डोंगराचा कागदावर 'ओसाड' असा उल्लेख होता, आणि त्याच डोंगरावर आई जळण नि अळंबी गोळा करायला जायची, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. अशा घरातली मुलगी जमिनीच्या दलालाला स्वतःच्या मामाचा नंबर देईल असं कुणाला वाटलं नसतं. मी दिला. म्हणून हे लिहिते आहे.

शुक्रवार, मोपा

मामा आणि मामी पुण्याहून विमानाने आले. मामा मूळचा सावंतवाडीकडचा, पण तिथला वाटा कधीच भावांना देऊन टाकलेला. नोकरी संपल्यावर त्याला परत माती हवीशी वाटू लागली. मागे शिरगावच्या जत्रेला आला होता तेव्हा म्हणाला होता, "जिथे कुणी जात नाही असं काहीतरी बघ गं. समुद्र नको. तिथे आता माणसंच माणसं." कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा दीपेश जमिनी दाखवतो हे मला ठाऊक होतं. मी नंबर देऊन मोकळी झाले. मलाही एक फुकटची सहल होणार होती, हेही कबूल करते.

दीपेश तुयेचा. आधी तिथल्याच वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर होता. विमानतळ झाल्यावर त्याने ते सोडलं. गाडी मोपाच्या पठारावरून उतरताना दोन्ही बाजूंना फलक लागतात आणि प्रत्येक फलकावर निसर्गाची कूस असते. ज्या पठारावर पेडण्यातली माणसं गुरं सोडायची, काजू वेचायची, तिथे आता कुशीचे तुकडे पाडून विकायला ठेवले आहेत. मी तसं म्हटलं तर दीपेश हसला.

"हिचो बापूय पत्रकां छापतालो. ही तोंडान छापता," तो मामाला म्हणाला. मग विक्रीच्या मराठीत आला. "सर, किनारा विसरा. हे बेट बघा. नदीतलं बेट. पर्यटक नाही, शॅक नाही, गाणी नाहीत. वीज आहे, पाणी आहे, माणूस नाही."

मामा खूश झाला. मामीने हे वाक्य फोनवर तिच्या बहिणीलाही ऐकवलं. आणि मी? माणूस नाही तर वीज कुणासाठी ओढली, हा साधा प्रश्न मला तेव्हाच सुचायला हवा होता. पत्रकांच्या पाठीवर पाढे गिरवून काय शिकले कुणास ठाऊक.

शनिवार, जुवें

बेटाचं नाव मी लिहीत नाही. शापोरा नदीत आहे एवढं पुरे. आसपासच्या गावांत त्याला नुसतं जुवें म्हणतात, म्हणजे बेट. नाव लिहिलं तर उद्या चार गाड्या जास्त येतील. जे तिथे जाऊन आलेत ते खुणांवरून ओळखतील, आणि मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.

सकाळी पेडण्याला गरम पोई आणि पातळभाजी खाऊन निघालो. मामीला पोई फार आवडली. "आमच्याकडे गव्हाच्या पावाला असं म्हणून दुप्पट लावतात, आणि असा नसतोच," ती म्हणाली. धक्क्यावर बाबलोकाका होडी घेऊन उभा होता. साठीपुढचा, सडपातळ, कमरेला पंचा. होडी चिखलात बसलेली. पाणी ओसरलं होतं.

"तुयेंचो मनीस आनी भरती-सुकतीची खबर ना?" तो दीपेशला म्हणाला. "घड्याळ तुजें म्हारग, पूण तें न्हंयेचें न्हय." न्हंय म्हणजे नदी.

"काका, गिऱ्हायकासमोर लाज काडूं नाका."

"लाज हांवें काडूंक ना. ती तूं घरांतच सोडून आयला."

तासभर थांबलो. मामी उतरून काठाने चालायला गेली आणि तिची एक चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. बाबलोकाकाने हात कोपरापर्यंत घालून शोधली, मिळाली नाही. पुढचे दोन दिवस ती त्याने दिलेल्या रबरी चपलांवर हिंडली, एक पाय मोठा, एक लहान.

पाणी भरल्यावर पोचायला फार वेळ लागला नाही. आणि बेट सुंदर आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. भोवती मातीचा बांध, बांधाला बिलगून खारफुटी, आत खाजन शेती. खाजन म्हणजे खाऱ्या नदीपासून राखलेली सखल जमीन. बांधात एका जागी लाकडी झडपांचं दार आहे, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. झडपेत फांदी अडकली आणि एक भरती आत शिरली तर शेत खारट होतं. म्हणून बाबलोकाका दिवसातून दोनदा, प्रत्येक भरतीला, जाऊन पाहतो. त्याच्या आधी त्याचा बाप पाहायचा. पुण्यात मामाच्या सोसायटीत पाण्याची टाकी भरून वाहिली तर तीन समित्यांची बैठक बसते. इथे एक माणूस पंचा खोचून जातो आणि सगळ्यांचा भात वाचतो.

दीपेशने दाखवलेली जागा मानसीच्या बाजूलाच. माडांची रांग, विहीर, आणि मधोमध मातीच्या भिंतींचं, कौलारू घर. दार निळं. दारापुढे एक नाही, दोन तुळशीवृंदावनं, एक जुनं तडकलेलं आणि एक नवं. जनेलाला, म्हणजे खिडकीला, शिंपल्यांची तावदानं. दोरीवर साड्या वाळत होत्या.

"हा मांगर," दीपेश म्हणाला. "शेतीच्या दिवसांत अवजारं ठेवायचा. पाडता येईल, नाहीतर गेस्ट रूम करता येईल."

"आणि या बाई?" मी विचारलं. आतून धूर येत होता आणि एक बाई दारात आली होती.

"शेवंता. जेवण करायला बोलावलंय."

जेवण असं होतं की त्याची आठवण आली की मला अजून राग येतो. कोरगूटचा लालसर उकडा भात, जो या खाऱ्या मातीतच पिकतो. शेवटे माशांचं पातळ हुमण, खुब्या शिंपल्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, सोलकढी. मामाने भात तीनदा घेतला. "आईच्या हातची चव," तो म्हणाला आणि खरंच त्याचे डोळे भरले. शेवंता पन्नाशीची, कमी बोलणारी. वाढताना मामीला म्हणाली, "पोटभर खा गे बाये. लांबसून आयलींत."

जेवल्यावर मामीला निळ्या दारापाशी फोटो हवा होता. मामा फोन घेऊन अंगणात उभा राहिला. शेवंता जनेलात होती, हातात दवली, नारळाच्या करवंटीची पळी.

"बाये, मात्शी कुशीक जा," दीपेश तिला म्हणाला.

ती बाजूला झाली. पण मामाने तोवर एक फोटो काढला होता.

मी भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेले. मांगरात अवजारं असतात. इथे चूल होती, रगडा होता, देवाचा कोनाडा, नव्या वर्षाचं कॅलेंडर, भिंतीवर कारखान्यातलं ओळखपत्र टांगलेलं. ते तिच्या मुलीचं. मुलगी तुयेला कामाला, रोज होडीने ये-जा करते.

"मावशी, तुम्ही इथेच राहता?"

"खंय रावतलें? माजो घोव हंयच जल्मलो."

"मग हे कोण आलेत तुम्हाला माहिती आहे?"

तिने भांडं विसळून पालथं घातलं. "जाणां. शेनवार-आयतार जालो की कोण ना कोण येता. जेवण कर म्हणटा, करतां. फोटो काडटना माका कुशीक करता." मग थोडं थांबून म्हणाली, "जेवणाक ना म्हणूंक जायना गे. दारांत आयल्ल्या मनशाक उपाशी कसो धाडूं? चूक तेंची न्हय. तेंका कोणे सांगूंकच ना."

आपलं घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकांना ती बाई दर शनिवारी-रविवारी मासे रांधून घालत होती.

शनिवार संध्याकाळ, डिचोली

घरी परत आल्यावर मी मामाला सांगितलं. त्याने पिशवीतून उतारा काढला. महाराष्ट्रात सातबारा, तसा आमच्याकडे एक-चौदा. मालकाच्या रकान्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, परदेशात राहणाऱ्या वारसांची नावं. इतर हक्कांचा रकाना कोरा.

"बघ. कोरा आहे. मी वकिलाला दाखवलाय."

"ती मुंडकार आहे मामा. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारी. तिला कायद्याने काढता येत नाही. सासऱ्याने नोंदणीचा अर्ज केला होता, फाइल पडून आहे, तिनेच सांगितलं."

"मग तिने पाठपुरावा करायला नको होता? मी साध्या गॅसच्या नळीसाठी सात चकरा मारतो."

"तुझ्या चकरेला नदी लागत नाही."

"प्रज्ञा, मी काही खाण काढायला आलो नाहीये. दोन खोल्या बांधीन, झाडं लावीन. तिला राहू दे की तिथेच. राखण होईल."

"तिच्याच घराची राखण, तुझी नोकर म्हणून?"

मामी म्हणाली, "पुरे आता." मामा वाईट माणूस नाही. वाईट माणूस असता तर मी एवढी चिडले नसते. चांगली माणसं ज्या कागदाच्या आडोशाला उभी राहून चांगली राहतात, त्या कागदाची मला चीड आहे. कोरा रकाना म्हणजे तिथे माणूस नाही असं नव्हे. माणूस लिहून घ्यायला कुणी गेलं नाही, एवढंच तो सांगतो. आमच्या डोंगराचंही असंच झालं होतं.

वडील बाजूला बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "उद्या परत जाणार आहात ना? जा."

रविवार, राखणदार

परत जायचं होतं कारण दीपेशने गाऱ्हाणं ठरवलं होतं. शनिवारी मामाने बोलता बोलता सांगितलं होतं की गावी काहीही नवं करायचं तर आजोबा आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचे. दीपेशने ते उचललं. बेटाचा राखणदार मानसीपाशी एका वडाखाली आहे, नुसता दगड, शेंदूरही नाही. आणि गाऱ्हाणं घालायचा मान बाबलोकाकाच्या घराकडे. दीपेशच्या मते गिऱ्हाईक पक्कं करायला याहून चांगलं काही नव्हतं. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलंही, "आतां तुजो मामा सोडचो ना."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गाऱ्हाण्यात देवापुढे बोलणारा माणूस मोठ्याने सांगतो की कोण आलंय, कुठून, कशासाठी, जागा कुठली, तिच्या चार बाजूंना काय, तिच्यावर कोण. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं की तुम्ही त्याला साक्षी. भजनात आवाज चोरता येतो, इथे नाही. आणि राखणदारासमोर कुणी अर्धवट सांगत नाही, कारण तो रोज रात्री त्याच वाटेने फिरतो असं धरलेलं आहे. दीपेश हे सगळं जाणणारा, याच मातीतला. पण इतके दिवस जागा दाखवून दाखवून त्याला राखणदारही जागेच्या सोयींपैकी एक वाटू लागला होता. बाहेरच्या दलालाच्या हातून ही चूक झाली नसती, त्याला गाऱ्हाणं ठाऊकच नसतं.

नारळ, विडा, बिडीचा जुडगा ठेवला. मामाने टोपी काढली. शेवंता थोडी लांब, माडाला टेकून उभी. बाबलोकाकाने हात जोडले आणि त्याचा आवाज बदलला.

"हे बा देवा राखणदारा, ह्या जुव्याच्या बांदाबांदार फिरपी म्हाराजा."

"होय म्हाराजा," मामा म्हणाला. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. कित्येक वर्षांनी मिळालं होतं त्याला हे.

"आज हीं तुजीं लेकरां पुण्याच्यान येवन तुज्या पायांकडे नारळ-विडो घेवन उबीं आसत. तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तीं हो जागो घेवंक आयल्यांत. ह्या जाग्याच्या एका आंगाक मानस, दुसऱ्या आंगाक न्हंय. मानसीची वाट ह्याच जाग्यांतल्यान वता रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"मदीं शेवंताचें घर. तिच्या मांवान माती मळून वण्टी घातल्यो, तुकाच विचारून घातल्यो. आजय थंय चूल पेटता, दिवो लागता, तुजोय वांटो काडटा रे म्हाराजा."

सासऱ्याने घातलेल्या मातीच्या भिंती देवापुढे सांगून झाल्या होत्या. मी मामाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं. शेवंताने माडावरचा हात काढला. मग मामा म्हणाला, "होय म्हाराजा." हळू, पण म्हणाला. मामीनेही म्हटलं.

"ह्या लेकरांक कोणेतरी सांगलां, हंय कोण रावना म्हणून. नकळत चूक जाली आसत तर ती पोटांत घाल. आनी जाणून केली आसत, तर तुजें तूं पळय रे म्हाराजा."

आता सगळे दीपेशकडे पाहत होते. त्याची मान खाली. तुयेच्या पोराला तिथून पळता येत नव्हतं आणि गप्पही बसता येत नव्हतं. त्याचे ओठ हलले. मला 'होय म्हाराजा' ऐकू आलं.

नारळ फुटला. बाबलोकाकाने खोबऱ्याची शकलं वाटली. पहिलं शेवंताला दिलं, मग मामाला. दीपेश त्याला कोकणीत पुटपुटला, "काका, हें कितें केलें तुमी?"

"गाराणें," बाबलोकाका म्हणाला. "तुवेंच सांगल्लें न्ही घाल म्हणून?"

होडीत बसल्यावर मामा म्हणाला, "मी आता ही जागा घेऊ शकत नाही. तोंडाने म्हटलंय." दीपेशने खांदे उडवले. "सर, तुम्ही नाही तर दुसरा. पुढच्या आयताराला दोन पार्ट्या आहेत. त्यांना गाऱ्हाणं-बिऱ्हाणं काही लागत नाही."

इथे मला या प्रवासवर्णनातला सगळ्यात मोठा राग सांगायचा आहे. मामाने नाही म्हटलं, आम्हाला बरं वाटलं, आणि शेवंताचं काहीही बदललं नाही. आपण न घेणं हे पुण्य नाही. आपण फक्त रांगेतून बाजूला होतो आणि मागचा पुढे येतो.

सोमवार, पेडणे

विमान दुपारचं होतं. मामा सकाळी स्वतःहून म्हणाला, "त्या मामलेदाराच्या कचेरीत चल." शेवंताला मी होडीघाटावरून घेतलं. ती इस्त्रीची साडी नेसून आली होती, पिशवीत सगळे कागद.

फाइल सापडली. सुनावणी लागणार आहे. टेबलामागच्या कारकुनाने, तो बिचारा बरा माणूस होता, समजावून सांगितलं. भाटकाराच्या वारसांचं म्हणणं असं की तिथे घर नाही, कापणीच्या दिवसांपुरता मांगर आहे आणि ही बाई तेवढ्यापुरती येते. शेवंताकडे काय आहे? विजेचं बिल येतं ते भाटकाराच्या नावावर, भरते ती. रेशनकार्डावर पत्ता पलीकडच्या गावाचा, कारण बेटावरच्या घरांना नंबरच दिलेले नाहीत. बाबलोकाकाची जबानी आहे, पण तो शेजारी. "नांदतं घर आहे असं बाहेरच्या कुणाकडून काही मिळेल का?" कारकून म्हणाला. "वेगवेगळ्या वर्षांचं. कापणीच्या दिवसांतलं नको, पावसातलं असलं तर उत्तम."

मामाने फोन काढला. शनिवारचा फोटो उघडला. मामी दाराला टेकून हसतेय, पायांत दोन मापांच्या चपला. मागे कौलांतून धूर. दोरीवर साड्या. आणि जनेलात दवली घेतलेली शेवंता, कुशीला व्हायच्या आधीची.

शेवंताने फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हांव दिसतां गे," ती मला म्हणाली.

मामाने तो फोटो तिथेच छापून सहीसकट फाइलला लावला. विमान पकडायला धावताना म्हणाला, "तारीख कळव. मी येईन सांगायला."

एक फोटो. पण गेली कित्येक वर्षं त्या अंगणात माणसं येत आहेत. जमीन पाहायला येणारे, गळ टाकायला येणारे, पाखरं मोजणारे विद्यार्थी, पावसात खाजन बघायला येणारी मंडळी. आणि त्या निळ्या दारापाशी फोटो न काढता कुणी परत जात नाही. शेवंताचा पुरावा तुमच्या खिशांत पडून आहे.

म्हणून माझी विनंती आहे. शापोऱ्यातल्या एका बेटावर मातीचं घर, निळं दार, पुढे दोन वृंदावनं, एक तडकलेलं, असा तुमचा फोटो असेल तर आज शोधा. पावसाळ्यातला असेल तर आधी तो. तारखेसकट या अंकाच्या पत्त्यावर पाठवा, मी तो फाइलपर्यंत पोचवीन. पाठवण्याआधी सुबक दिसावा म्हणून कडा कापू नका. जनेलाकडे बघा, कुशीक व्हायला सांगितलेली एक बाई तिथे असेल. तिला फोटोत राहू द्या.